आठची सुट्टी

४ जून, मंगळवार

निवड बायकोची झाली. माझी नाही.

एवढं लिहून पेन खाली ठेवणार होतो, पण मग वही आणली कशाला? आमच्या केंद्रातल्या समुपदेशक बाई प्रत्येक पेशंटला सांगतात, मनात साठून राहिलं की लिहून काढा, हलकं वाटतं. औषधांच्या खिडकीत बसून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते दुसऱ्यांसाठीच असतं असं वाटायला लागलं होतं. आज येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून वही घेतली. अजून तरी हलकं वाटलेलं नाही.

झालं असं. आमचं एचआयव्हीच्या उपचारांचं केंद्र. मी तिथं औषधं देतो, बायको तिथंच नर्स आहे. संशोधन कसं करायचं याचं एक ऑनलाइन प्रशिक्षण निघालं, आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी. महिनाभर, मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी, घरी बसून. प्रत्येक केंद्रातून एकच माणूस. शेवटच्या दिवशी ज्याचा आराखडा सगळ्यांत चांगला ठरेल, त्याला तो अभ्यास प्रत्यक्ष करायला मिळणार, हाताखाली माणूस मिळणार, नाव छापून येणार. अर्जात फक्त एक प्रश्न लिहायचा होता, ज्याचं उत्तर आपल्याला शोधावंसं वाटतं.

मी दोन संध्याकाळी खपून लिहिलं. पेशंट परत आणतात त्या डब्यांतल्या उरलेल्या गोळ्या मोजून तो किती नियमित आहे हे कितपत कळतं? खाली तक्ताही जोडला. हिनं भाजी चिरता चिरता एक ओळ लिहिली, ‘गोळी चुकते ती कुणासमोर?’ बस्स. याला काय प्रश्न म्हणतात?

मोठ्या डॉक्टरबाई मला म्हणाल्या, “तुमचा प्रश्न चांगलाच आहे हो. पण त्याचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे.”

म्हणजे उत्तर माहीत असणं हा आता गुन्हा झाला.

घरी आल्यावर मी हिचं अभिनंदन केलं. अगदी मनापासून केलं असं मला वाटत होतं. ही म्हणाली, “एकदा आरशात तोंड बघून ये, मग कर.”

७ जून, शुक्रवार

पहिला वर्ग झाला. हिनं झोपायच्या खोलीतलं टेबल भिंतीकडे सरकवलं, लॅपटॉपखाली दोन जाड पुस्तकं ठेवली, आणि कपाळावरचे केस तीनदा नीट केले. मी बाहेर इस्त्री करत होतो. खोलीचं दार नीट लागत नाही, त्याला मी काय करणार.

शिकवणारा मार्गदर्शक दाढीवाला आहे. दाढी कातरलेली, मध्ये मध्ये पांढरी. पाठीमागे छतापर्यंत पुस्तकांचं कपाट. आवाज असा की साधं ‘नमस्कार’ म्हटलं तरी दोन मिनिटं ऐकत राहावं. मला असले आवाज आवडत नाहीत.

सगळ्यांनी ओळख करून दिली. दाढीवाल्यानं स्वतःचीही दिली. शिकला कुठं, डॉक्टरेट कुठं केली, त्या गावाचं नाव सांगितलं. मी इस्त्री थांबवून कान टवकारले. कारण लग्नाआधी ही तीन वर्षं त्याच गावातल्या केंद्रात होती. आता ही चित्कारणार, ‘अय्या सर, मी पण तिथंच होते!’ असं मी धरून चाललो होतो. रिक्षात बसली तरी ही पाच मिनिटांत रिक्षावाल्याच्या मामेबहिणीपर्यंत ओळख काढते.

हिची पाळी आली. हिनं आपलं नाव सांगितलं, आमचं केंद्र सांगितलं, त्याआधीचं एक रुग्णालय सांगितलं. ते गाव गाळलं. सरळ गाळलं.

“बाबा, इस्त्री,” लेक म्हणाली. माझ्या शर्टाच्या बाहीवर तपकिरी त्रिकोण उठला होता.

९ जून, रविवार

बाजारात दोघं गेलो होतो. समोरून एक बाई आली, हातात पिशवी, बरोबर सासू असावी. हिची नजर तिच्यावरून अशी गेली जशी विजेच्या खांबावरून जावी. मी काय ते समजलो.

हा आमच्या कामाचा नियम आहे. बाहेर कुठंही पेशंट भेटला तर आपण ओळख दाखवायची नाही. त्यानं हाक मारली तरच बोलायचं. बरोबरच्या माणसाला ‘या कोण’ असा प्रश्न पडला तर त्या बिचाऱ्यानं काय सांगायचं? घरीसुद्धा आम्ही पेशंटचं काही बोलत नाही. हिच्या जुन्या केंद्रातल्या एकाचंही नाव मला ठाऊक नाही आणि मी कधी विचारलेलं नाही. त्या बाबतीत आम्ही दोघंही पक्के.

मात्र वांगी निवडताना मनात पाल चुकचुकली. शुक्रवारी हिनं दाढीवाल्याकडे अशाच नजरेनं पाहिलं होतं. अगदी अशाच, विजेच्या खांबासारखं. मी दाराच्या फटीतून पाहिलंय.

पेशंट असता तर गोष्ट वेगळी. पण हा कसला पेशंट! मागं एवढं पुस्तकांचं कपाट. म्हणजे ही त्याला ओळखते, आणि ते कुणाला कळू नये अशी हिची इच्छा आहे. लग्नाआधीची तीन वर्षं. हिशेब सरळ आहे.

मी पिशवीत सगळी किडकी वांगी भरून आणली, असं ही म्हणते.

१४ जून, शुक्रवार

आज उलगडा झाला. उलगडा कसला, अंगाचा तिळपापड झाला.

मंगळवारी झालं ते योगायोग म्हणून सोडून दिलं होतं. आठ वाजत आले आणि ही मध्येच म्हणाली, “सर, पाच मिनिटं सुट्टी घेऊ या का सगळ्यांनी? पाठ आखडली.” दाढीवाला लगेच म्हणाला, “हो हो, घेऊ या.” त्याचा कॅमेरा बंद, हिचा बंद, मग सगळ्यांचेच बंद.

आज परत तेच. आठ वाजत आले, हिचा हात वर. “सर, पाणी प्यायला पाच मिनिटं?” त्याचा चेहरा असा खुलला की विचारू नका. कॅमेरा बंद. हिचा बंद.

ही पाणी प्यायला आली नाही. मी स्वयंपाकघरात माठाजवळच उभा होतो.

१८ जून, मंगळवार

आमच्या केंद्रातला लॅबवाला आज चहाच्या वेळी म्हणाला, “वहिनी आता मोठ्या शास्त्रज्ञ होणार. मग तुम्हाला अपॉइंटमेंट घ्यावी लागेल भेटायला.” सगळे हसले. मीही हसलो. हसताना दात दुखतात हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी वर्गात दाढीवाल्यानं हिचा प्रश्न सगळ्यांना वाचून दाखवला. म्हणाला, “पेशंट गोळी विसरतो असं आपण लिहितो. तो विसरत नाही हो. समोर कुणीतरी बसलेलं असतं. सिस्टरनी ते एका ओळीत पकडलंय. हा प्रश्न मला सुचायला हवा होता.” शेवटचं वाक्य बोलताना त्याचा आवाज जरा घोगरा झाला. नाटकी माणूस. नवऱ्यासमोर, म्हणजे दारामागच्या नवऱ्यासमोर, दुसऱ्याच्या बायकोला असं म्हणतात का कुणी?

आठला सुट्टी झालीच.

२१ जून, शुक्रवार

आजचा वर्ग नाव झाकण्यावर होता. पेशंटनी सांगितलेलं लिहून घेताना कुणाचीही ओळख उघडी पडू नये यासाठी काय करायचं. मी मटार सोलत ऐकत होतो. दाढीवाला म्हणाला, “ज्याला लपवायचंय तेवढ्याच एकाचं नाव खोडलंत तर तोच उठून दिसतो. खोडायची तर सगळ्यांची खोडा.” खरं म्हणजे मुद्दा चांगला होता. मला राग आला की मुद्दा चांगला होता.

सुट्टीत मी आत डोकावलो. ही स्क्रीनसमोर नुसती बसली होती, हात मांडीवर, काही न करता. फोन लांब गादीवर पडलेला. मला पाहून दचकली.

“काय हवंय?”

“काही नाही. पाठ आखडली होती ना तुझी?”

“हो.”

“मग ऊठ की. फीर जरा.”

ही उठली नाही. बसल्या जागी खांदे हलवले, मला दाखवायला.

२५ जून, मंगळवार

आज मी एक गोष्ट केली. वही आपलीच आहे, लिहून टाकतो. आठला थोडा वेळ होता तेव्हा मी हॉलमधल्या इंटरनेटच्या डबीचं बटण बंद केलं. बघू तरी, काय होतं ते.

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ही धावत बाहेर आली, डबीकडे पाहिलं, परत आत पळाली. फोनवर वर्ग लावायला बघत होती. जोडला गेला तेव्हा आठ होऊन गेले होते. धापा टाकत म्हणाली, “सर, माफ करा, नेट गेलं होतं. सुट्टी घेऊ या ना? सगळ्यांनीच घेऊ या.”

मी दाराशी होतो. फोनच्या छोट्या स्क्रीनवरसुद्धा दाढीवाला दिसत होता. कुणीतरी त्याला लांबलचक प्रश्न विचारत होता आणि हा खुर्चीत चुळबुळत, सारखा बाजूला बघत होता. हिचा आवाज ऐकताच असा सुटला जसा शाळेतला पोर.

एवढी तगमग! पाच मिनिटांसाठी! आमच्या लग्नाला सोळा वर्षं झाली, माझ्यासाठी ही इतकी कधी धावल्याचं मला आठवत नाही.

लेकीनं डबीचं बटण चालू केलं. मग माझ्याकडे वळून बघितलं. तिला कळलं असावं.

२८ जून, शुक्रवार

सगळं संपवलं मी. संपवलं म्हणजे काय, वाट लावली.

आठ वाजत आले, हिनं सुट्टी मागितली, कॅमेरा बंद केला. मी दार ढकलून आत गेलो.

“आज पण?” मी म्हणालो.

“हळू बोल.”

“का हळू? कोण लागतो तो तुझा? बरोबर आठला दोघांचे कॅमेरे बंद होतात, मला काय दिसत नाही? तू ओळखतेस त्याला. लग्नाआधी तू त्याच गावात होतीस, तिथल्याच केंद्रात. मग पहिल्या दिवशी सांगितलं का नाहीस? काय लपवतेस?”

हिचा चेहरा पांढराफटक पडला. ही माझ्याकडे बघतच नव्हती. स्क्रीनकडे बघत होती. कॅमेरा बंद होता. माइक चालू होता.

हिनं झटकन तो बंद केला. मग अगदी शांतपणे म्हणाली, “बाहेर जा.”

“आधी सांग.”

“सांगणार नाही.”

“म्हणजे आहे काहीतरी.”

“तुम्हाला जे समजायचं ते समजा. मी सांगणार नाही.”

तुम्हाला. केंद्रात चार लोकांत ही मला ‘तुम्ही’ म्हणते, घरात ‘तू’. घरात ‘तुम्ही’ म्हणाली ती आजच.

नाही म्हणाली असती तरी चाललं असतं. ‘काहीतरीच काय’ एवढं म्हणाली असती तरी मी जेवायला बसलो असतो. ही एका शब्दानं स्वतःची बाजू घेत नाही. निरपराध माणूस असा गप्प बसतो का?

३० जून, रविवार

ही लेकीच्या खोलीत झोपते. जेवण वाढते, भांडं आपटत नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

लॅबवाल्याचा कुणी ओळखीचा दुसऱ्या केंद्रातून त्या वर्गाला आहे. कालच मला म्हणाला, “काय हो, तुमच्या घरचा आवाज सात केंद्रांत पोचला म्हणे!” मग जवळ येऊन, “त्यांच्या फोनच्या ग्रुपवर चर्चा चाललीय. सर रोज आठला जातात कुठं, आणि सिस्टर त्या गावच्या केंद्रात होत्या हे लपवलं का, असं विचारतायत एकेक जण.”

मला वाटलं होतं, चार लोक माझ्या बाजूनं झाले तर छाती हलकी होईल. संध्याकाळी हिला हे सांगितलं. अगदीच सहानुभूती म्हणून नाही सांगितलं, कबूल करतो.

ही ओट्याला धरून उभी राहिली. “असं विचारतायत? आठचं विचारतायत?” दोनदा विचारलं. स्वतःच्या अब्रूचं काही विचारलं नाही. मग म्हणाली, “तुम्ही काय करून ठेवलंय ते तुम्हाला कळत नाही. मी वर्ग सोडते. मी नसले की बोलणं थांबेल.”

“आणि शुक्रवारचा आराखडा?”

“राहू दे.”

त्याच्यासाठी ही सगळ्यावर पाणी सोडायला निघाली. महिनाभर पहाटे उठून केलेलं काम, नाव, सगळं. माझ्यासाठी नव्हे, त्याच्यासाठी. रात्रभर हेच डोक्यात.

२ जुलै, मंगळवार

आज ही वर्गाला बसली नाही. संध्याकाळभर कपाट आवरत होती. आठला थोडा वेळ असताना हिचे हात थांबले. घड्याळाकडे बघत नुसती उभी राहिली, ओठ घट्ट मिटून. आठ होऊन गेल्यावर परत घड्या घालायला लागली.

मी जिंकलो असं कुणाला वाटेल. मला तरी तसं वाटत नाही.

३ जुलै, बुधवार

दुपारी एक नवा पेशंट आला. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कुठल्याशा मोठ्या कचेरीचं ओळखपत्र. ते त्यानं खिडकीशी येता येता काढून खिशात घातलं. पहिलाच महिना. मी नेहमीचं सांगायला लागलो. हे सगळं मला पाठ आहे, तोंड आपोआप चालतं.

“रोज रात्री आठला. वेळ चुकवायची नाही. फोनला गजर लावा, पण आवाज नको, नुसता थरथरणारा. पाहुणे असले, कार्यक्रम असला, तरी उठायचं. काहीतरी निमित्त काढायचं.”

तो म्हणाला, “माझ्या मीटिंग असतात हो संध्याकाळी. घरूनच, कॅमेऱ्यावर. सगळे समोर असतात. तेव्हा काय करू?”

मी म्हणालो, “सोपं आहे. पाच मिनिटं सुट्टी मागायची. कॅमेरा बंद करायचा.”

तो म्हणाला, “मीच रोज रोज मागितली तर लोकांना कळेल ना?”

मी म्हणालो, “मग भरवशाच्या कुणाला तरी मागायला सांगा. म्हणजे सगळ्यांचेच कॅमेरे बंद होतील.”

म्हणालो, आणि माझा हात गोळ्यांच्या डबीवर तसाच राहिला. तो दोनदा ‘साहेब’ म्हणाला तेव्हा मी डबी त्याला दिली.

मला काय समजलं ते मी इथं लिहिणार नाही. ही वही कुणाच्याही हाती लागू शकते.

माझ्या खिडकीशेजारी भिंतीवर एक कागद आहे, ‘कुणालाही होऊ शकतो.’ मोठ्या अक्षरांत. मीच चिकटवलाय, चारी कोपऱ्यांना पट्टी लावून. इतकी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो वाचायला लावतो. मी स्वतः कधी वाचलाच नव्हता. माझ्या मनात पेशंट म्हणजे खिडकीच्या पलीकडचा. ज्याच्या मागं पुस्तकांचं कपाट तो अलीकडचा.

घरी येऊन ही वही पहिल्यापासून वाचली. ‘हा कसला पेशंट!’ वाचताना कानशिलं तापली. मी इंटरनेटच्या डबीचं बटण बंद केलं होतं. मी माइकवर त्या गावाचं नाव घेतलं होतं, ही तिथल्या केंद्रात होती हेही ओरडून सांगितलं होतं. ऐकणारे सगळे आमच्याच कामातले. त्यांना दोन आणि दोन चार करायला किती वेळ लागतो?

आणि हिनं एका वाक्यात सुटका करून घेतली असती. मी हिला नको नको ते म्हणत होतो आणि हिच्याकडे उत्तर होतं. ही तो डाग अंगावर घेऊन गप्प बसली.

काळ्या शाईचं पेन घेऊन मी मागच्या पानांवरचं त्याचं नाव गिरवून टाकलं. गावाचंही. मग पाहिलं तर तेच दोन काळे ठिपके डोळ्यांत भरायला लागले. त्यानं शिकवलेलं आठवलं. डॉक्टरबाईंचं खोडलं, लॅबवाल्याचं खोडलं, हिचं, लेकीचं, सगळ्यांची खोडली. वर जागा होती तिथं बारीक अक्षरात ‘दाढीवाला’, ‘ही’, ‘लेक’ असं लिहिलं. शेवटी पहिल्या पानावरचं माझंही.

४ जुलै, गुरुवार

हिला सांगायचं कसं? मला कळलं असं म्हणालो, तर हिला एक तर खोटं बोलावं लागणार किंवा मान डोलवावी लागणार. दोन्ही हिच्यानं होणार नाही. मी दिवसभर शब्द जुळवत होतो. एका पेशंटला दुसऱ्याच्या डब्या देता देता राहिलो.

संध्याकाळी ही कपडे वाळत घालत होती. मी चिमटे घेऊन शेजारी उभा राहिलो.

“उद्या तू वर्गाला बस,” मी म्हणालो.

“नको.”

“बस. आठच्या सुट्टीचं मी बघतो.”

हिच्या हातात लेकीचा फ्रॉक होता. तो तसाच पिळलेला राहिला, पाणी पायावर ठिबकत. ही माझ्याकडे बघत राहिली, डोळे बारीक करून, जशी नवीन पेशंटच्या चेहऱ्याकडे बघते.

“तुम्हाला काय कळलंय?”

“काही नाही,” मी म्हणालो. “मी चुकलो, एवढंच कळलंय.”

“एवढंच ना?”

“एवढंच.”

 हिनं माझ्या हातातून चिमटा घेतला. फ्रॉक उलटा टांगला होता. मी दुसरा चिमटा पुढं केला.

६ जुलै, शनिवार

कालचं आज लिहितोय, काल हात चालत नव्हता.

ही बसली. हिरवी साडी नेसली, कपाळावरचे केस एकदाच नीट केले. हिनं आराखडा मांडला तो मी पहिल्यांदा समोर बसून ऐकला, गादीवर, कॅमेऱ्यात येणार नाही असा. गोळी चुकते ती कुणासमोर? सासऱ्यांसमोर, नव्या सुनेसमोर, साहेबासमोर, शिकवत असलेल्या मुलांसमोर. लोक काय काय निमित्तं काढतात, कुणाची मदत घेतात. माझा गोळ्या मोजायचा तक्ता याच्यापुढं पोरखेळ होता. कबूल करतो, आणि कबूल करतानाही पोटात जरा दुखतंच.

पण वर्गातलं वारं मला कळत होतं. कुणी हिच्याशी नीट बोलत नव्हतं. आठ वाजत आले तसे सगळे चौकोन टक लावून बसले, आता बघू कोण सुट्टी मागतंय. दाढीवाला खाली बघून कागद चाळत होता. ना त्याला उठता येत होतं, ना हिला हात वर करता येत होता.

मी उठलो आणि सरळ कॅमेऱ्यासमोर जाऊन उभा राहिलो. सात केंद्रं माझ्याकडे बघत होती. ‘आला तो संशयी नवरा’ असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं.

“नमस्कार,” मी म्हणालो. “गेल्या आठवड्यात ओरडलो तो मीच. माझं डोकं फिरलं होतं. ही सरांना ओळखत नाही, कुणालाच ओळखत नाही. मला हिची निवड बघवली नाही, म्हणून मी काहीही बरळलो. आणि ही आठला सुट्टी मागायची ती माझ्यासाठी.”

इथं मी म्हणणार होतो, मला आठला चहा लागतो. दुपारपासून हेच ठरवलं होतं. पण सगळे असे बघत होते की चहावर कुणाचा विश्वास बसणार नाही हे मला दिसलं.

“माझी आठला गोळी असते,” मी म्हणालो. “मी चुकवतो. ही आठवण करते.”

 कसली गोळी हे कुणी विचारलं नाही. आमच्या कामातली माणसं आठची गोळी म्हटल्यावर कसली ते विचारत नाहीत. एका बाईनं नजर खाली वळवली. एकानं उगाच चष्मा पुसायला घेतला.

“तेव्हा पाच मिनिटं द्या सगळ्यांनी,” मी म्हणालो.

कॅमेरे बंद झाले. एकेक चौकोन काळा. दाढीवाल्याचा सगळ्यांत शेवटी. बंद होण्याआधी तो माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे विजेच्या खांबाकडे बघावं तसं बघितलं. मला वाटतं, बरं जमलं.

हिनं आधी माइक बंद असल्याची खात्री केली, मग म्हणाली, “काय बोललास तू हे?”

“चहा म्हणणार होतो.”

“मग?”

“तोंडातून गोळी निघालं.”

हिचे डोळे भरले होते आणि ही हसतही होती. पाच मिनिटं आम्ही काळ्या चौकोनांसमोर बसून राहिलो. कुणीच पाणी प्यायला उठलं नाही.

हिचा आराखडा निवडला गेला. दाढीवाल्यानं निकाल सांगितला तेव्हा त्याच्या टेबलावर रिकामा ग्लास होता.

आज केंद्रात लॅबवाल्यानं माझी चेष्टा केली नाही. पाठीवर थापही मारली नाही. चहाचा कप माझ्यापुढं ठेवला, तो जरा लांबून ढकलून. म्हणाला, “काळजी घ्या हो.” इतका सभ्य मी त्याला कधी पाहिला नव्हता. एक वाक्य बोललो असतो तर सगळं निवळलं असतं. ते जिभेवर आलंही होतं. मी चहा प्यायलो. गार होता.

संध्याकाळी समोरच्या वहिनी गप्पा मारायला आल्या होत्या. त्यांचं काहीतरी रंगात आलेलं, आणि ही आतून आली. हातात पाण्याचा ग्लास.

“आठ वाजले,” म्हणाली. “घे, गोळी.”

वहिनी बोलायच्या थांबल्या. हिच्या दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली होती. हिनं ती माझ्या तळव्यावर उघडली. आत काही नव्हतं. मी तळवा तोंडाकडे नेला, मान मागं टाकली आणि वहिनींच्या देखत सगळं पाणी प्यायलो.